चवथीच्या आधी कॅसेट

१ जून १९८६, रविवार

रेकॉर्डिंग झालं. काल दिवसभर मुलुंडच्या स्टुडिओत. आठ भजनं. शब्द माझे, चाली माझ्या, पेटी माझी. गायन शिवदास.

शिवदास बरा गायला. मधे मधे खोकत होता. तिसऱ्या भजनानंतर बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी त्याला ज्येष्ठमध दिलं आणि ताल सोडू नकोस म्हणून समज दिली. ताल खरं तर मी सोडला होता. पण त्या क्षणी ते सांगून ग्रुपचा कॉन्फिडन्स घालवण्यात अर्थ नव्हता.

स्टुडिओवाल्याकडे नवीन मशीन आहे. आवाज एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्या, पखवाज आणि झांज तिसऱ्या. कोणाला पुढे आणायचं, कोणाला मागे ठेवायचं, ते मागाहून ठरवता येतं. शिवदासचं शेवटचं भजन संपल्यावर स्टुडिओवाल्याने हेडफोन काढून ठेवला आणि मशीन बंद करायलाच विसरला. बहुधा पेटीचा विचार करत असावा.

टेपचं स्पूल घरी आणलं. कपाटात, नलिनीच्या शालूखाली ठेवलंय. नलिनी म्हणाली, शालूला वास लागेल. कलेची बायकोला कदर नसणं ही जुनीच गोष्ट आहे.

शिवदास शेजारच्याच खोलीत राहतो, गावही आमचं एकच, त्यामुळे संध्याकाळी लगेच हजर. म्हणाला, माका एक साधी कॅसेट भरून दी, घराक धाडतंय. आवशीक दिसणा नाय, पण आयकता ती. मी साफ नाही म्हटलं. रिलीजच्या आधी एक जरी कॉपी बाहेर गेली की पायरसी सुरू. स्टुडिओवाल्यालाही मी तेच बजावून आलोय. शिवदासला बिझनेस कळत नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, कॅसेट गावात आईच्या कानावर पडली की त्याचं काम झालं. ते काय, होणारच आहे. गणपती सात सप्टेंबरला. वेळच वेळ.

संकल्प: डिस्ट्रिब्युटर निवडताना घाई करायची नाही. कलावंत फसतो तो घाईमुळे.

४ जून, बुधवार

कारखान्यात स्टोअरमधे बसून विचार केला. पैसा दुय्यम. माणूस न्यायाने वागणारा पाहिजे. न्याय म्हणजे काय, तर कव्हरवर नाव कोणाचं आणि किती मोठं. फोटो. आणि पेटीच्या आवाजाला कोणी हात लावता कामा नये.

नलिनीने विचारलं, फोटो तुमचा की शिवदासभावजींचा. प्रश्न रास्त आहे. शिवदास बिल्डिंगवर वॉचमन, फोटो काढायचा तर त्याच्याकडे खाकी सोडून शर्ट नाही. त्याची फजिती होऊ नये एवढीच माझी इच्छा.

८ जून, रविवार

जयंतीभाईकडे जाऊन आलो. घाटकोपर स्टेशनसमोर रेडिओ-मिक्सरचं दुकान, मागच्या खोलीत कॅसेटी भरायची मशीन्स. कोकणात प्रत्येक एसटी स्टँडवरच्या टपरीत याचा माल जातो.

मागच्या खोलीत स्पूल लावलं. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्याने पहिली चार भजनं उभ्याने ऐकली. मग म्हणाला, भाई, गला देवाने दिलाय. पेटी थोडी कमी करू ने.

इथेच माझं मन उडालं. तरी सभ्यपणे पुढचं ऐकलं. त्याचं म्हणणं, कॅसेटी त्याच्या खर्चाने, गणपतीच्या पंधरा दिवस आधी गावात पोचवणार. कव्हरवर दोघांची नावं सारखी. स्पूल आमच्याकडेच राहणार. दिवाळीनंतर विक्री दाखवणार. कागद मराठीत, एक पान, वाटलं तर वकिलाला दाखवा. वर म्हणतो, हे स्पूल एकच आहे काय, आत्ता इथे बसा, मी एक कॅसेट भरून देतो, फुकट. टेपचा काय भरवसा, फुगते, तुटते.

मी स्पूल काखेत मारलं आणि निघालो. फुकट कॉपी काढून द्यायला कोण तयार होतो, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. इतका सरळ बोलणारा माणूस काहीतरी लपवत असणार.

शिवदासला सांगितलं, बोलणी चालू आहेत.

१५ जून, रविवार

चहाच्या टपरीवर विक्रोळीच्या काशीरामबुवांची नवी कॅसेट वाजत होती. जयंतीभाईचीच. टपरीवाला म्हणाला, बुवा खूश आहेत, मागच्या कॅसेटचा हिशेब चोख मिळाला. बुवा भोळा माणूस. त्याला फसवलंय हे त्याला कळतही नसेल.

कॅसेटमधे पेटी जवळजवळ ऐकूच येत नाही. वाट लावली पार. चहा अर्धा टाकून आलो.

२१ जून, शनिवार

अंधेरी. मधुघोष कॅसेट्स. कारखान्यातल्या एकाने पत्ता दिला होता.

काय ऑफिस. आत एसी. काचेचं टेबल, सोफा इतका मऊ की उठताना हात धरायला कोणी हवं. साहेबांचं नाव रतनसाहेब. पांढरे बूट. कॉफी आली ती बशीसकट. त्यांनी स्पूल लावलं, मिनिटभर ऐकलं, बंद केलं आणि विचारलं, पेटी किसने बजाई?

मी म्हटलं, मी.

म्हणाले, क्या बात है.

एवढंच. पण जाणकार माणूस जास्त बोलत नाही. आवाजाबद्दल म्हणाले, थोडा रॉ आहे, देखेंगे. हे शिवदासला सांगायचं नाही. उगाच वाईट वाटेल त्याला. दारापर्यंत सोडायला आले आणि मला सर म्हणाले.

घरी येईपर्यंत ते सर कानात होतं. नलिनीला सांगितलं. ती म्हणाली, मला मीटर रीडिंगवाला मॅडम म्हणतो, म्हणून काय त्याच्या हाती घराची किल्ली द्यायची का? याचा संबंध काय ते कळलं नाही.

२९ जून, रविवार

शिवदास हॉस्पिटलात जाऊन आला. घशात गाठ आहे म्हणतात. तुकडा काढून तपासायला दिलाय. मी धीर दिला. म्हटलं, मोठ्या मोठ्या गवयांना होतं, तंबाखू सोड.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, कॅसेटीचा काय झाला?

म्हटलं, दोन पार्ट्या आहेत, अभ्यास चालू आहे. तो म्हणाला, जयंतीभाई बरो माणूस रे, काशीरामबुवा सांगत होतो. मी म्हटलं, शिवदास, तू गा. बाकी माझ्यावर सोड. त्याने मान डोलावली. शिवदासचा हा गुण मोठा आहे, दुसऱ्यावर सोडतो.

६ जुलै, रविवार

डोकं चालेना. दोन्ही बाजूंनी विचार केला की अंधेरी जड भरते, पण मग मधेच मन मागे फिरतं. शेवटी आपला देव तो आपलाच. देवाला विचारायचं ठरवलं. भाऊरावकाका, माझा चुलता, उद्या काही दिवसांसाठी गावी चालला आहे. त्याला सांगितलं, ग्रामदेवतेला कौल लाव. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवेल, गाऱ्हाणं घालेल, की घाटकोपरच्या माणसाला द्यावं का. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

अंधेरीचं विचारू नकोस असं मुद्दाम सांगितलं. घाटकोपर नाही म्हणजे अंधेरी झालंच. देवाला दोनदा त्रास कशाला.

आता मन कसं हलकं झालंय. डिसिजन प्रोफेशनल आणि तरीही धार्मिक.

१९ जुलै, शनिवार

काका गावाहून आला. फणसाच्या गऱ्यांचा डबा हातात देता देताच म्हणाला, देवान उजवो कौल दिल्यान. लगेच. गुरवाचा हात खाली येवच्या आधी.

लगेच कसा दिला, हा माझा प्रश्न. एवढ्या मोठ्या निर्णयाला देव थोडा तरी विचार करेल की नाही? पावसाळ्यात पाकळी ओली असते, जड होते, पडते. त्यात घाटकोपर म्हणजे काय हे गुरवाला सांगता आलं असेल का? गुरव मुंबईला एकदाच आला होता, तोसुद्धा जोगेश्वरीला.

काकाला हे बोललो. काकाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, बाळा, तुका व्हया तो कौल मिळासर विचारीत रवतलंस तर देवळातली फुला संपतली.

जुन्या लोकांशी वाद घालू नये.

२२ जुलै, मंगळवार

संध्याकाळी घरीच पुन्हा कौल लावला. गणपतीच्या तसबिरीच्या काचेला दोन तगरीच्या पाकळ्या, पाणी लावून. नलिनी म्हणाली, एकदा दिलेला कौल परत मागतात काय. मी म्हटलं, हे कन्फर्मेशन.

उजवी पडली. फॅन चालू होता. फॅन बंद करून पुन्हा लावला. परत उजवी. काच त्या बाजूला कलती आहे, हे सुताराला मी मागेच सांगितलं होतं. तसबीर सरळ करून तिसऱ्यांदा लावला, तर दोन्ही पाकळ्या तशाच चिकटून राहिल्या.

अर्थ स्पष्ट आहे. देव म्हणतो, तुझं तू बघ.

२७ जुलै, रविवार

आज लिहवत नाही. शिवदासचा रिपोर्ट वाईट आला. अठरा ऑगस्टला ॲडमिट, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल म्हणतात, आवाज राहणार नाही. गळ्याला भोक ठेवतात, त्यातून श्वास घ्यायचा.

सुगंधा, त्याची बायको, आमच्या दारात उभी राहून हे सांगत होती आणि पदराने दाराची कडी पुसत होती. मागून शिवदास आला. तो शांत. म्हणाला, ह्या वर्सा चवथीक गावाक जावचा जमाचा नाय. जल्मात पयल्यांदा. आवस वाट बघतली. तू कोणाकय दी रे बाळा, जयंतीभाईक दी नायतर आणखी कोणाक. चवथीक तिच्या कानार पडाक व्हया, बस.

मी त्याचा हात धरला. डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी सड्यावर, गावाबाहेरच्या कातळमाळावर, गुरं राखताना हा गायचा तेव्हा पलीकडच्या वाडीतली माणसं काम थांबवायची. ते सगळं आठवलं.

ठरलं. उद्या हाफ डे टाकून सरळ जयंतीभाईकडे. पेटी कमी तर कमी.

२८ जुलै, सोमवार

गेलो होतो. देव साक्षी आहे, गेलो होतो. जयंतीभाई एका बाईला मिक्सर दाखवत होता. मला म्हणाला, बसा भाई, दोन मिनट. स्टूल दिलं. स्टुलाचा एक पाय आखूड. मी स्पूल मांडीवर घेऊन डुगडुगत बसलो. बाईचं चटणीचं भांडं मोठं घ्यायचं की छोटं ते ठरेना. मग तिचा नवरा आला. त्यालाही पहिल्यापासून सगळं दाखवलं.

आठ भजनांचा कर्ता इथे बसलाय आणि याला चटणी महत्त्वाची. मी उठलो. समोरच्या पब्लिक फोनवरून अंधेरीला फोन लावला, सहज, फक्त नमस्कार करायला. रतनसाहेब स्वतः फोनवर आले. म्हणाले, अरे सर, कहां गायब हो गए, हम तो कव्हर का डिझाईन सोच रहे थे.

एकीकडे मिक्सर, एकीकडे कव्हर. आता कोणीही सांगावं.

३ ऑगस्ट, रविवार

काल अंधेरीत करारावर सही केली. स्पूल दिलं. रीतसर पावती घेतली. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं.

करार इंग्लिशमधे, बरीच पानं, लीगल कागदावर. पहिलं पान वाचलं, माझं पूर्ण नाव होतं, स्पेलिंगसकट बरोबर. शेवटच्या पानावर सही. मधे एक कलम होतं, कंपनी योग्य वाटल्यास गायन सुधारेल. म्हणजे इको वगैरे घालणार. घाला, चांगलंच आहे. आणखी एक, कलावंतांनी ही गाणी दुसरीकडे कुठेही रेकॉर्ड करायची नाहीत. किती व्यवस्थित माणसं. जयंतीभाईच्या एका पानात हे काय मावणार होतं. शिवदासच्या वतीनेही मीच सही केली. त्याला ड्यूटी सोडून अंधेरीपर्यंत कशाला दमवायचं.

कव्हरवर माझं नाव: संगीत बाळकृष्ण. मोठ्या अक्षरात. शिवदासचं नाव मागे, पण स्वच्छ छापणार आहेत.

नलिनीने पहिलाच प्रश्न विचारला, कॉपी काढून ठेवलीत ना? शिवदासने दुसरा विचारला, तोच. या लोकांना विश्वास म्हणजे काय ते माहीतच नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मधुघोषला फोन. साहेब मीटिंगमधे. काल पण मीटिंगमधे. कामाचा माणूस आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

उद्या शिवदासला ॲडमिट करायचं. संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि खाली चटईवर बसला. म्हणाला, पेटी काढ रे, जरा बसूया. शेवटचा.

मी म्हटलं, आवाज जपून ठेव. बोलल्यावर कळलं आपण काय बोललो ते.

पेटी काढली. नलिनीने कपाटावरचा टेपरेकॉर्डर खाली घेतला, आमच्या मुलीची इंग्लिशच्या कवितांची कॅसेट त्यात घातली, म्हणाली, यावर पुसून भरा. मी तिचा हात धरला. करारात स्पष्ट लिहिलंय, दुसरीकडे रेकॉर्ड करायचं नाही. शब्द म्हणजे शब्द. शिवाय आमच्या टेपला खरखर आहे. एवढ्या चांगल्या आवाजाचं असलं खरखरीत रेकॉर्डिंग मागे राहणं म्हणजे कलेचा अपमान. आणि दोन आठवड्यांत ओरिजिनल येणारच आहे.

नलिनी म्हणाली, मग काहीतरी दुसरं गाऊ दे, तुमचं नको. मी म्हटलं, मग पेटीच्या चाली कुठून आणू? ती टेपरेकॉर्डर तसाच जमिनीवर ठेवून स्वयंपाकघरात गेली.

शिवदास म्हणाला, ऱ्हवांदे गे वहिनी. कॅसेट येतली.

मग तो गायला. आवाज फाटत होता, वरचा सूर लागताना तो दोन बोटांनी गळा धरत होता. पण लागत होता. मी मधे कुठेतरी पेटी सोडली. त्याच्या लक्षात आलं नाही, कोणाच्याच आलं नाही. दारात शेजारपाजारचे जमले. कोणी चप्पल काढून आत आलं नाही, कोणी गेलंही नाही. सुगंधा नळावर कळशी भरायला गेली होती, ती कळशी न भरताच येऊन उभी राहिली.

झाल्यावर तो पाणी प्यायला आणि म्हणाला, चला, झाला.

मला वाटतं मी योग्य तेच केलं. करार मोडणारा कलावंत उद्या कोणालाही तोंड दाखवू शकत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

ऑपरेशन झालं. भेटायला गेलो. शिवदासच्या मानेला पट्टी, त्यातून नळी. त्याने हाताने विचारलं. म्हणजे अंगठा आणि बोटाने कॅसेटएवढा चौकोन करून दाखवला. मी म्हटलं, येतेय, प्रेसमधे आहे.

डोळे मिटून हसला.

३० ऑगस्ट, शनिवार, दुपार

पार्सल आलं. पन्नास कॅसेटी, गणपतीच्या आठवडाभर आधी. कोण म्हणालं होतं अंधेरीवाले फसवतील? कव्हर झकास. माझं नाव लाल अक्षरात, गणपतीच्या सोंडेखाली. शिवदासचं नाव अजून सापडलं नाही, चष्मा लावून बघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

कॅसेट लावली. आधी वाटलं, टेपचा स्पीड जास्त आहे. मग वाटलं, इको जास्त घातलाय. नलिनी पोळ्या लाटत होती, ती थांबली. म्हणाली, हा कोण?

पेटी माझी. शब्द माझे. पखवाज, झांज, सगळं आमचंच. आवाज दुसऱ्या कोणाचा तरी. गुळगुळीत, तरुण, सिनेमातला.

मी म्हटलं, दुसऱ्या बाजूला असेल. दुसरी बाजू लावली.

१ सप्टेंबर, सोमवार

अंधेरीला गेलो. रतनसाहेब भेटले, कॉफीही दिली. माणूस म्हणून काही बोलता येत नाही. करार उघडून कलमावर बोट ठेवलं, गायन सुधारेल. म्हणाले, सुधार दिया सर, नया लडका है, मार्केटमे चलता है. मी विचारलं, आमच्या माणसाचा आवाज? म्हणाले, उसी ट्रॅक पर तो नया भरा ना.

त्याच ट्रॅकवर. शिवदासच्या वर.

म्हणजे खाली अजून असेल, असं मी म्हणालो. साहेब हसले नाहीत. टेबलावरची कॉफी माझ्याकडे सरकवून म्हणाले, सर, टेप मे नीचे कुछ नहीं रहता.

न्यायाने बघितलं तर करार मोडलेला नाही. सगळं लिहिलेलं होतं.

३ सप्टेंबर, बुधवार

भाऊरावकाका आज गणपतीसाठी गावी निघाला. शिवदासच्या आईसाठी कॅसेट कुठे आहे म्हणून सुगंधाने हॉस्पिटलातून निरोप पाठवला. शिवदासला मी अजून काही बोललो नाही. तिथे टेपरेकॉर्डर नाही, पेशंटला एक्साइटमेंट नको. त्याला एवढंच सांगितलंय की कॅसेट आली.

काकाच्या हातात एक कॅसेट दिली. नलिनी म्हणाली, हे पाठवू नका. मी म्हटलं, काहीच न पाठवण्यापेक्षा बरं. म्हातारी थकलेली, दिसत नाही, चार माणसांच्या गलक्यात तिला काय कळणार? भजन ऐकेल, मुलाचं समजेल, समाधान पावेल. समाधान महत्त्वाचं. काकालाही सांगितलं नाही. वेळ नव्हता.

७ सप्टेंबर, रविवार. गणेश चतुर्थी

यंदा आमच्या भजनी मंडळाचं भजन नाही. मंडळी म्हणाली, कोणाच्या मागे झांज वाजवायची? मी गातो म्हटलं. मंडळी झांजा पिशवीत भरायला लागली. मी तो नकार समजलो नाही, पण वेळ निघून गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

शिवदासला परवा घरी सोडलं. सकाळी मी त्याच्याकडे बसलो होतो. त्याची पेज निवत होती. भाऊरावकाका एसटीतून उतरून पिशवीसकट तिथेच आला. मी त्याला डोळ्याने खुणावलं, पण काका शिवदासकडे बघत खाली बसला आणि सांगायलाच लागला.

म्हणाला, चवथीच्या दिवशी आरती झाल्यावर अख्खी वाडी शिवदासच्या घरी जमली. टेप गणपतीसमोर ठेवला. द्रौपदीकाकू, शिवदासची आई, भिंतीला टेकून बसली, लावा म्हणाली. पहिलं भजन सुरू झालं तशी माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. काकू मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिली, मांडीवर ताल धरून. संपल्यावर म्हणाली, बरो गाता हो. आता माझ्या शिवदासाचा लावा.

काकाने कॅसेट उलटी करून लावली. ती थोडं ऐकून म्हणाली, ह्योय तोच. माझ्या झिलाचा लावा रे.

काकाने तिला सांगितलं, शिवदासाची येवची आसा, उशीर झालो. ती म्हणाली, मगे मी हयच बसतंय. पाच दिवस आरती झाली की तिथेच बसायची, टेपच्या बाजूला, आणि विचारायची, इली काय. विसर्जनाला माणसं गणपती घेऊन बाहेर पडली तेव्हाही उठली नाही.

सुगंधा पेज तशीच ठेवून आत गेली.

शिवदास माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. नीट समजून घेतल्यासारखा बघत होता. त्याने तोंड उघडलं, मानेच्या पट्टीतून नुसती हवा आली. मी पण तोंड उघडलं. कंपनी, करार, कलम, सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. थोड्या वेळाने त्याने काकासाठी चहा टाक म्हणून सुगंधाला हाताने खूण केली.

घरी आलो. नलिनीला सगळं ऐकू गेलं होतं, भिंत पातळ आहे.

मला फार वाईट वाटतंय. एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. डायरी उघडली की काहीतरी कारण सुचतं, पाऊस, फॅन, स्टूल. आज मघापासून पेन घेऊन बसलोय. काही सुचत नाही.